व्हायब्रेशन प्लेटवर पहिले सहा आठवडे: किती हलायचं, कुठे थांबायचं

गोव्यातल्या डिचोलीत आमच्या छोट्या व्यायामशाळेत व्हायब्रेशन प्लेट, म्हणजे पायाखाली थरथरणारी फळी, आली, तेव्हा पहिल्या आठवड्यात तिच्यावर दोनच प्रकारची माणसं चढली. एक म्हणजे दहा मिनिटं उभं राहिलं की पोट उतरेल असं समजणारी. दुसरी आमची फुटबॉलची पोरं. त्यांनी लेव्हल थेट शेवटपर्यंत नेली, पंधरा मिनिटं दात वाजवत उभी राहिली आणि मैदानात गेल्यावर म्हणाली, "सर, पाय लाकडाचे झालेत."

पोटवाल्यांचं पुढे बघू. पोरांचं मात्र शिकण्यासारखं होतं. दोन-तीन मिनिटांत जी थरथर पायाला तरतरी आणते, तीच पंधरा मिनिटांत पाय ढिला करते. ही हद्द प्रत्येकाची वेगळी, आणि ती मशीनच्या पडद्यावर दिसत नाही. ती शोधायला एक भिंत आणि थोडा खडू लागतो.

आधी, पायात नेमकं काय घडतं

डॉक्टर गुडघ्याखाली रबरी हातोडी मारतात आणि पाय आपोआप उडतो, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. स्नायू अचानक ताणला गेला की त्यातली ताण ओळखणारी सूक्ष्म इंद्रियं मणक्यातल्या मज्जारज्जूला खबर देतात आणि तिथून मेंदूला न विचारता आकुंचनाचा हुकूम येतो. स्नायूला सतत कंपन दिलं तर तो असाच आपोआप आवळत राहतो. एकलुंड आणि हॅगबार्थ यांनी १९६६ मध्ये ह्यावर लिहिलं होतं. प्लेट सेकंदाला ३० वेळा हलत असेल, म्हणजे ३० हर्ट्झवर, तर पोटरी मिनिटाला १८०० वेळा किंचित ताणली जाते आणि तितक्याच वेळा सावरते. शिवाय डोकं हलू नये म्हणून पाय तो धक्का गिळत असतात, ते काम वेगळंच. म्हणून तुम्ही नुसते उभे असता तरी पाय कामाला लागलेले असतात.

धक्का वर चढता चढता विरतो. सगळ्यात जास्त पोटरीला, मग मांडीला, कमरेपर्यंत थोडासा. त्यामुळे "फुल बॉडी" हे नाव कितीही ठसक्यात घेतलं तरी हे मुख्यतः पायांचं यंत्र आहे. हात वळवायचे असतील तर डंबेल उचला.

सोव्हिएत संघात नाझारोव यांनी १९८० च्या दशकात जिम्नॅस्टांवर कंपनाचे प्रयोग केले, १९९० च्या दशकाच्या शेवटी इटलीत कार्मेलो बॉस्को यांनी उड्या आणि ताकद मोजायला घेतली, आणि तिथून ही प्लेट जिममध्ये शिरली. आपल्या कामाचे अभ्यास तीन.

बेल्जियममधल्या लूव्हेन इथला २००३ चा अभ्यास ६७ तरुण मुलींवर होता, कोणीही खेळाडू नव्हती. आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे. प्लेटवर व्यायाम करणाऱ्या गटाची गुडघा सरळ करण्याची ताकद १६.६ टक्क्यांनी वाढली, वजनं उचलणाऱ्यांची १४.४ टक्क्यांनी. प्लेटवाल्यांची उडी ७.६ टक्क्यांनी वाढली. गंमत म्हणजे एका गटाला नावापुरती थरथरणारी प्लेट दिली होती आणि व्यायाम तेच. त्यांच्यात काही फरक पडला नाही. दोन वर्षांनी त्याच मंडळींनी कसलेल्या धावपटूंवर पाच आठवडे प्रयोग केला, तेव्हा रोजच्या सरावापेक्षा जास्तीचं काही मिळालं नाही. म्हणजे नवख्याला फायदा दिसतो, तयार पायाला फारसा नाही. आणि २००० साली जर्मनीत रिटवेगर यांनी लोकांना वजन घेऊन २६ हर्ट्झवर पार थकेपर्यंत उभं केलं. त्यानंतर उडी आणि पायाची ताकद, दोन्ही सुमारे ९ टक्क्यांनी घसरली. आमच्या पोरांचे लाकडाचे पाय ते हेच.

पायरी १: चढायचं की नाही, हे आधी

गरोदर स्त्री, पेसमेकर असलेला माणूस, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेला, फिट येणारा, मुतखडा किंवा पित्ताशयात खडे असलेला, नुकतं ऑपरेशन किंवा हाड मोडलेला, डोळ्याचा पडदा सुटण्याचा त्रास असलेला किंवा मोतीबिंदूची लेन्स बसवलेला, सांधा बदललेला, गादी सरकून कंबर धरलेला: ह्यांनी डॉक्टरांच्या होकाराशिवाय प्लेटला पाय लावू नये. डोळ्याचं वाचून लोक हसतात. पण कंपनाच्या व्यायामानंतर डोळ्यात बसवलेली लेन्स जागची सरकल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

डॉक्टरांना विचारताना "जिमला जाऊ का" असं विचारू नका, ते हो म्हणतील. "सेकंदाला तीस वेळा हलणाऱ्या फळीवर उभा राहू का" असं विचारा.

माझ्या शेजारच्या काकांनी साखळी-डिचोली पट्ट्यात वीस-बावीस वर्षं खनिजाचा टिपर हाकला, २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तोवर. प्लेट बघून ते म्हणाले, "आयुष्यभर फुकट हललो, आता पैसे देऊन हलू?" विनोद सोडून द्या, प्रश्न बरोबर आहे. अवजड वाहनांच्या चालकांची कंबर आणि सीटचं कंपन यांचा संबंध जगभर अभ्यासलेला आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या पाळीसाठी अशा कंपनाची मर्यादा १.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग ठेवली आहे, आणि ०.५ ओलांडलं की मालकाने उपाय सुरू करायचे. फरक असा की टिपरमध्ये माणूस बसलेला असतो, धक्का थेट मणक्यात जातो, कंपनं संथ असतात आणि तासन्‌तास चालतात. बसलेल्या शरीराला ४ ते ८ हर्ट्झची उभी कंपनं सगळ्यात जास्त झोंबतात. प्लेटवर आपण वाकलेल्या गुडघ्यांवर उभे, वेगाने, दोन-चार मिनिटं. तरीही काकांना मी नाहीच म्हटलं. त्यांच्या एमआरआयमध्ये दोन गाद्या सरकलेल्या आहेत.

पायरी २: मशीन ओळखा

प्लेट दोन जातीच्या. एकीत अख्खी फळी वर-खाली होते. दुसरीत ती सी-सॉसारखी मधल्या आसावर डुलते. डावा पाय वर तेव्हा उजवा खाली. डुलणाऱ्या प्लेटवर कंबर आळीपाळीने झुकते, त्यामुळे डोक्यापर्यंत धक्का कमी पोचतो. शिवाय पाय मध्याजवळ ठेवले तर हेलकावा लहान, कडेला ठेवले तर मोठा. नवख्याला ही सोय चांगली आहे. वर-खाली होणाऱ्या प्लेटवर अशी पळवाट नसते.

आता आकड्यांची भानगड. घरगुती मशीनच्या पडद्यावर बहुधा हर्ट्झ नसतातच, १ ते ९९ लेव्हल असतात. मी स्वतः घरासाठी एक घेतलं, दुकान कुठलं ते जाऊ दे. बॉक्सवर "हाय फ्रिक्वेन्सी" छापलेलं. मोजलं तर ९९ लेव्हलवर ११ हर्ट्झ. घरातली पोरं त्याच्यावर आनंदाने नाचतात.

मोजायचं कसं? फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या लोकांनी बनवलेलं. त्यात प्रवेगाचा वर्णपट दाखवणारा प्रयोग उघडा, फोन प्लेटवर चिकटपट्टीने घट्ट बसवा, कोणाला तरी प्लेटवर उभं करा (रिकामी प्लेट आणि माणूस चढलेली प्लेट यांत फरक पडतो) आणि दहा सेकंद चालवा. आलेखात सर्वांत उंच सुळका जिथे असेल तो तुमचा हर्ट्झ. नवा महागडा फोन ह्यासाठी वापरू नका. मोटरसायकलच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा खुद्द ॲपलने २०२१ मध्ये दिला होता. हँडलला फोन लावून फिरणाऱ्या आपल्या गोव्याच्या पायलटांनीही (मोटरसायकल-टॅक्सीवाल्यांनी) तो ऐकायला हरकत नाही. ड्रॉवरमधला जुना फोन काढा.

हेलकाव्याचा आकडा वाचतानाही सावध. कंपनी "४ मिमी" लिहिते तेव्हा बहुधा वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर सांगते. मध्यापासून ते २ मिमी होतं. ह्या २ मिमीवर १५ हर्ट्झला धक्का गुरुत्वाकर्षणाच्या पावणेदोनपट, आणि ३० हर्ट्झला सातपटीहून जास्त. कंपसंख्या, म्हणजे हर्ट्झ, दुप्पट केली की धक्का चौपट होतो. म्हणून लेव्हलचं बटण "थोडंसं वाढवलं" असं काही नसतं.

पायरी ३: जागा

तळमजला, सपाट लादी, खाली जाड रबरी मॅट. जुन्या घराच्या लाकडी माडीवर ठेवाल तर खालच्या खोलीत कौलांची धूळ आणि शेजाऱ्यांची बोलणी दोन्ही मिळतील. पावसाळ्यात ओल्या पायाने चढू नका. अर्थिंग असलेल्या थ्री-पिन सॉकेटशिवाय लावू नका. व्होल्टेज पडलं की काही मशीन संथ होतात. कंप अचानक बदलला तर उतरा. मिरामार-कळंगुटच्या समुद्राकाठी राहणाऱ्यांनी बोल्ट महिन्यातून एकदा तपासावेत, खारी हवा त्यांना सोडत नाही.

पायरी ४: उभं कसं राहायचं

सगळ्यांची चूक इथेच होते. पाय खांद्याच्या रुंदीत, डुलणाऱ्या प्लेटवर त्याहून जवळ. गुडघे सुमारे ३० अंश वाकलेले. खुर्चीवर बसायला निघालात आणि मध्येच कोणी हाक मारली, तेवढे. वजन किंचित चवड्यावर, टाचा टेकलेल्या पण दाबलेल्या नाहीत. पोट हलकं आवळलेलं, जबडा सैल, नजर समोर. हँडल धरा, पण त्याला लटकू नका.

गुडघे ताठ केले की पाय काठीसारखा होतो आणि धक्का थेट डोक्यात. दोन खुणा लक्षात ठेवा. दात वाजले, किंवा समोरच्या कॅलेंडरवरची तारीख पुसट दिसली, तर गुडघे आणखी वाकवा. तरीही थांबलं नाही तर हर्ट्झ कमी करा. आम्ही ह्यासाठी समोर मुद्दाम कालनिर्णय टांगलंय. आणि टाच प्लेटवर थाडथाड आपटत असेल तर फळी तुमच्या पायाखालून तुमच्यापेक्षा लवकर खाली जातेय. तो व्यायाम नव्हे, मार आहे.

अनवाणी किंवा पातळ तळव्याचे बूट, काहीही चालेल, पण दर वेळी तेच. जाड फोमचा बूट कंपनाचा मोठा भाग खातो. आज बूट, उद्या अनवाणी असं केलंत तर तुलना संपली. आणि हुमण-भात जेवल्यावर दोन तास तरी जाऊ द्या. हे अनुभवाने सांगतोय, तपशील विचारू नका.

पायरी ५: भिंत आणि खडू

प्लेटला हात लावण्याआधी हे तीन दिवस करा. भिंतीला बाजूने उभे राहा, बोटांना खडू लावा, हात वर करून उभ्याने पोचेल तिथे खूण. मग गुडघे वाकवून जोरात उडी आणि वर दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमची उडी. तीन उड्या, मध्ये एक मिनिट, सर्वांत मोठा आकडा वहीत. पहिल्या दोन दिवसांत आकडा आपोआप वाढतो, कारण तुम्ही उडी मारायला शिकत असता. आमचा एक गोलकीपर प्लेटशिवाय तीन दिवसांत ३ सेंटीमीटरने वाढला. त्याला आधी प्लेटवर चढवलं असतं तर सगळं श्रेय मशीनला गेलं असतं. तिसऱ्या दिवसाचा आकडा खरा धरा.

मग प्लेटच्या दिवशी: हलकं धावून अंग गरम करा, उडी मोजा, प्लेट करा, दोन मिनिटं चाला, पुन्हा उडी मोजा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा. आकडा तेवढाच किंवा किंचित जास्त आला तर मात्रा बरोबर. ४० सेंटीमीटर उडणारा २ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त खाली आला, तर पुढच्या वेळी एक सेट कमी. एका सेंटीमीटरचा फरक सोडून द्या, तेवढी चूक बोटाला लावलेल्या खडूतही होते. हा माझा मैदानी नियम आहे, प्रयोगशाळेतला नव्हे, पण पोरांना तो पटकन कळतो.

एक दिवस असाही ठेवा: तेच सगळं, तितकीच मिनिटं गुडघे वाकवून, पण लादीवर. प्लेट बंद. लादीवरही उडी तितकीच वाढली, तर फायदा थरथरीचा नव्हता, अंग गरम होण्याचा होता.

पायरी ६: सहा आठवडे

वर-खाली होणारी प्लेट असेल तर २५ ते ३० हर्ट्झवर सुरू करा. २० च्या खाली नको. डुलणारी असेल तर १२ ते १८ वर, पाय मध्याजवळ.

पहिल्या आठवड्यात दोन दिवस. ३० सेकंद प्लेट, ६० सेकंद उतरून विश्रांती, असं चारदा. एकूण दोन मिनिटं. "एवढंच?" असं प्रत्येक जण विचारतो. एवढंच. दुसऱ्या आठवड्यात पाच सेट. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तीन दिवस, एक दिवसाआड, ४५ सेकंदांचे सहा सेट; चौथ्या आठवड्यात त्यातले दोन सेट टाचा उचलून, दोन सेट आणखी खोल वाकून. पाचव्या-सहाव्यात एकेक मिनिटाचे सहा सेट, आणि शेवटचे दोन एक पाय पुढे ठेवून. वेळ, हर्ट्झ, वाकण्याची खोली, ह्यांपैकी एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा. तिन्ही वाढवल्या आणि आकडा पडला, तर कशाने पडला ते कसं कळणार?

सेट संपेपर्यंत प्लेटवर राहायचं असं बंधन नाही. मांडी स्वतःहून वेगळीच, वेडीवाकडी थरथरू लागली, गुडघे नकळत सरळ होऊ लागले, किंवा हँडलवर भार गेला, की पाय थकलाय. उतरा. डोकं दुखलं, मळमळलं, छातीत किंवा कमरेत दुखलं तर त्या दिवसापुरतं बंद. उतरल्यावर पावलं काही मिनिटं झिणझिणणं चालतं, तासाभराने पण झिणझिणत असतील तर नाही.

आणि खाज. पहिल्या काही वेळा मांड्या-पोटऱ्यांना भयंकर खाज सुटते, कातडी लाल होते. रिटवेगर यांच्या लोकांनाही ती सुटली होती. कातडीतला रक्तप्रवाह वाढल्याचं लक्षण आहे, ॲलर्जी नव्हे. थोडं चाललं की जाते. आमच्याकडे एकाने प्लेटवर कसला तरी पाला लागलाय म्हणून दोनदा ती पुसून घेतली.

वजन आणि "प्लेटवर दहा मिनिटं म्हणजे एक तास व्यायाम" हा दावा

त्याच जर्मन अभ्यासात थकेपर्यंत प्लेटवर राहूनही शरीराने घेतलेला ऑक्सिजन, सायकलवर दमेपर्यंत घेतलेल्याच्या निम्म्याहून कमी होता. म्हणजे दम लागण्याच्या आतच पाय संपतात. चरबी जाळायला हे यंत्र नाही. पोटवाल्यांना मी बाजारापर्यंत चालत जायला सांगितलं. दोघं गेले, बाकीच्यांनी येणं बंद केलं.

मैदानावर जाणार असाल तर

तयार खेळाडूची ताकद ह्याने वाढेल अशी आशा मी ठेवत नाही. मॅचआधीची तरतरी मात्र काहींना मिळते. हॉकी खेळणाऱ्या उच्च दर्जाच्या मुलींवर २००५ मध्ये छापलेल्या अभ्यासात पाच मिनिटांच्या प्लेटनंतर उडी सुमारे ८ टक्क्यांनी वाढली होती. पण ती तरतरी मिनिटांत ओसरते. कपडे बदलायच्या खोलीत प्लेट करून मग अर्धा तास भाषणं आणि फोटो ऐकत-काढत बसलात तर गेली. आमच्याकडे चार सेट, ३० सेकंदांचे, वॉर्मअपच्या शेवटी. आणि ज्याचा खडूचा आकडा आदल्या महिन्यात प्लेटनंतर पडलेला आहे त्याला नाहीच. अकरापैकी चौघांचा पडला. त्यांना मी प्लेटऐवजी चार छोट्या धावा देतो आणि ते कुरकुरतात, कारण प्लेटवर उभं राहणं सोपं वाटतं.

मॅचनंतर पाय दुखत असताना प्लेटवर चढू नका. थकलेला पाय धक्का नीट गिळत नाही, तो वर जातो. सहावा आठवडा संपला की एक पूर्ण आठवडा प्लेट बंद ठेवा, शेवटी पुन्हा त्याच भिंतीशी, त्याच बुटात, तीन उड्या. पहिल्या पानावरचा तिसऱ्या दिवसाचा आकडा शेजारी लिहा. फरक २ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर स्क्वॉटच्या वजनांकडे वळा आणि प्लेटची पाळी दुसऱ्याला द्या. आमच्याकडे संध्याकाळी सहाला तिच्यापुढे रांग असते.